बिअरची बाटली आणि कॅन का फुटतात, आणि बिअर सुरक्षित कशी साठवावी

काही वर्षांपूर्वी लवकर गार व्हावी म्हणून मी बिअरची एक बाटली फ्रीझरमध्ये ठेवली आणि विसरून गेलो. सकाळी दार उघडले तेव्हा बाटलीचे बूड एका बाजूला पडले होते, मान दुसऱ्या बाजूला, आणि मधे बाटलीच्याच आकाराचा पिवळसर बर्फाचा ठोकळा उभा होता. काचेचे बारीक कण बर्फाच्या साच्यांत आणि भाज्यांच्या पिशव्यांच्या घड्यांत शिरले होते. ते वेचता वेचता अर्धा दिवस गेला. तेव्हा मी समजत होतो की बाटली फुटण्याचे कारण एकच, ते म्हणजे आतला दाब. पुढे कळले की तो दाब तीन अगदी वेगळ्या वाटांनी वाढतो आणि प्रत्येक वाटेवरचा उपाय वेगळा आहे. उष्णतेने आतला वायू तेवढाच राहून दाब वाढतो, गोठण्याने वायूची जागा हिरावली जाते, आणि बाटलीत यीस्ट जिवंत असेल तर नवा वायू तयार होत राहतो. समोरची बाटली यांपैकी कोणत्या वाटेवर आहे हे ओळखता आले की काय करावे हे ठरवणे सोपे जाते.

आत मुळात किती दाब असतो

नेहमीच्या लागर प्रकारच्या एक लिटर बिअरमध्ये सुमारे ५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. हा वायू मोकळा केला तर तो साधारण अडीच लिटर जागा व्यापेल. तोच वायू बंद बाटलीत द्रवामध्ये आणि झाकणाखालच्या चिमूटभर मोकळ्या जागेत कोंडलेला असतो. थंड द्रव हा वायू चांगला धरून ठेवतो आणि गरम द्रव त्याला सोडून देतो, त्यामुळे दाबाचे गणित जवळजवळ सर्वस्वी तापमानावर चालते. दाब मोजण्याचे एकक बार आहे आणि एक बार म्हणजे ढोबळमानाने आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. फ्रीजमधल्या ४ अंश सेल्सिअस तापमानाच्या बाटलीत बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे पाऊण बार जास्त दाब असतो. २५ अंशांच्या खोलीत तो सव्वादोन बारच्या आसपास जातो, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो तितका. ४० अंशांना तो साडेतीन बार ओलांडतो, ५० अंशांना पाच बारच्या जवळ येतो आणि ६० अंशांना सहा बारच्या घरात पोहोचतो.

शीतपेये आणि बिअर यांचे ॲल्युमिनियमचे कॅन साधारण सहा बारच्या थोडा पुढचा दाब सोसतील अशा बेताने बनवलेले असतात, आणि त्यांच्या भिंतीची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच असते. हे आकडे शेजारी ठेवले की बाहेर ३५ अंश असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत कॅन का ठेवू नयेत हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण अशा गाडीच्या आतले तापमान तासाभरात ५० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि काचेतून थेट ऊन पडणाऱ्या जागी त्याहूनही वर चढते. गव्हाच्या बिअरचे आणि काही बेल्जियन शैलीच्या बिअरचे प्रकरण अधिक नाजूक असते, कारण त्यांत वायूचे प्रमाण मुळातच जास्त ठेवलेले असते. साडेतीन लिटर वायू सामावलेली एक लिटर बिअर ५० अंशांवर सात बारच्या आसपास दाब निर्माण करते. म्हणूनच अशा बिअर पुष्कळदा जाड काचेच्या, जड बाटल्यांत मिळतात. त्या बाटलीचा जाडपणा केवळ शोभेचा नसतो.

हलवल्याने बंद बाटलीतला दाब वाढतो असा एक समज आहे, तो बरोबर नाही. एकाच तापमानावर शांत राहिलेल्या बाटलीत वायूचा समतोल आधीच साधलेला असतो आणि हलवण्याने तो बदलत नाही. हलवल्यावर द्रवात असंख्य बारीक बुडबुडे अडकतात आणि झाकण उघडताच ते फुगून फेस उसळतो, इतकेच. हलवलेली बाटली उघडताना त्रास देते, पण ती जागच्या जागी फुटली तर कारण दुसरीकडे शोधावे.

गोठताना काय घडते

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. बाटलीच्या मानेतली किंवा कॅनच्या वरच्या भागातली मोकळी जागा साधारण चार-पाच टक्के असते, तेव्हा बिअर बऱ्याच प्रमाणात गोठली की तिला जागा पुरत नाही. त्यातच बर्फ स्वतःमध्ये वायूही घेत नाही आणि अल्कोहोलही घेत नाही. ते दोन्ही उरलेल्या द्रवात ढकलले जातात, मोकळी जागा आकसत जाते आणि दाब दोन्ही बाजूंनी चढतो. पाच टक्के अल्कोहोलची बिअर उणे २ ते उणे ३ अंशांच्या दरम्यान गोठू लागते. अल्कोहोल जितके कमी तितकी ती लवकर गोठते, त्यामुळे अल्कोहोलविरहित बिअर फ्रीझरमध्ये सर्वांत आधी दगा देते. घरगुती फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास चालतो, म्हणजे तिथे कोणतीही नेहमीची बिअर रात्रभर टिकणार नाही हे धरूनच चालावे.

कॅन गोठला की बुडाची आत वळलेली वाटी बाहेर उलटते, झाकण टेकडीसारखे फुगते आणि बहुधा झाकणावरच्या खाचेतून तो उघडतो. काचेला असे फुगता येत नाही. ती सरळ तडकते. तडकलेली बाटली बर्फ असेपर्यंत आपला आकार धरून ठेवते आणि वितळताना सुटी होते, म्हणून गोठलेली बाटली अखंड दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये. ती जाड पिशवीत घालून, पसरट भांड्यात उभी करून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सावकाश वितळू द्यावी आणि तडा, टवका किंवा गळती दिसल्यास पिशवीसकट टाकून द्यावी. फुगलेला कॅन गोठलेला असताना उघडू नये. तोंडावर फेस आणि बर्फाचा मऊ लगदा एकदम उसळतो.

बाटलीत यीस्ट जिवंत असेल तर

मला सर्वांत धोकादायक वाटणारे कारण हे आहे, कारण यात बाहेरून काहीच घडलेले नसते. बाटली सावलीत, योग्य तापमानावर, कोणाचाही हात न लागता ठेवलेली असते आणि तरी आतला वायू रोज थोडा वाढत असतो. यीस्ट साखर खाऊन तिच्या वजनाच्या जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार करते. एक लिटर बिअरमध्ये १० ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे, आंबण्याजोगी साखर उरली आणि ती सगळी बाटलीत आंबली तर सुमारे ५ ग्रॅम नवा वायू तयार होतो, म्हणजे नेहमीच्या बिअरमध्ये असलेला सगळा वायू दुप्पट होतो. अशी बाटली २५ अंशांवर साडेपाच बारच्या आणि ४० अंशांवर आठ बारच्या पुढे जाते.

ही साखर येते कोठून? कधी बिअर पुरती आंबण्याआधीच बाटलीत भरली जाते. कधी फळांचा गर किंवा रस आंबवण संपल्यावर मिसळला जातो आणि तसाच, पाश्चरीकरण न करता कॅनमध्ये जातो. दाट फळांच्या बिअरचे कॅन दुकानाच्या फडताळावर फुटण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते, आणि अशा कॅनवर ‘थंड ठेवा’ असे लिहिलेले असेल तर ती सूचना चवीसाठी नसून सुरक्षिततेसाठी आहे असे समजावे. कधी मात्र साखर बिअरमध्ये लपलेली असते. माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीतल्या) लांब साखळ्यांच्या शर्करा, ज्यांना डेक्स्ट्रिन म्हणतात, नेहमीच्या यीस्टला पचत नाहीत. पण डायास्टॅटिकस नावाचा यीस्टचा एक प्रकार त्या तोडून खाऊ शकतो आणि उपकरणांतून त्याचा शिरकाव झाला तर व्यवस्थित आंबलेली, मोजून भरलेली बिअरही काही आठवड्यांनी पुन्हा काम करू लागते. नंतर टाकलेल्या कच्च्या हॉप्समधली (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांतली) विकरेही काही प्रमाणात हेच करतात. ब्रेटॅनोमायसेससारखी रानटी यीस्टे तर महिनोन्‌महिने सावकाश वायू करत राहतात.

अशी बिअर ओळखायची कशी, तर एकाच पेटीतल्या दोन-तीन बाटल्या आठवड्याच्या अंतराने नीट गार करून उघडाव्यात. पहिल्यापेक्षा पुढच्या आठवड्यातली अधिक जोराने फसफसली, चव अधिक कोरडी, आंबट किंवा अनोळखी लागली, तळाशी पूर्वी नसलेला गाळ दिसला, तर बिअर जिवंत आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा. काही वेळा बार्लीवर वाढलेल्या फ्युझेरियम बुरशीची प्रथिने बिअरमध्ये उतरतात आणि दाब साधारण असूनही झाकण निघताच सगळी बिअर कारंज्यासारखी बाहेर येते. चव तीच, गाळ नाही, आणि तरीही उसळी, अशी लक्षणे असतील तर ती बाटली फुटण्याचा धोका कमी असतो.

गार केल्याने यीस्टचे काम मंदावते, थांबतेच असे नाही. उष्णतेने चढलेला दाब बाटली थंड झाल्यावर आपोआप उतरतो. यीस्टने तयार केलेला वायू झाकण उघडेपर्यंत आतच राहतो.

दोष भांड्याचाही असतो

नव्या, निर्दोष बाटलीची काच साधारण १० बारच्या पुढचाही दाब सोसते. अडचण अशी की काच दाबली गेली तर फार बळकट असते आणि ताणली गेली तर फार कच्ची, आणि आतल्या दाबाने बाटलीची बाहेरची बाजू ताणलीच जाते. त्या ताणलेल्या पृष्ठभागावर एखादा ओरखडा असेल तर सगळा ताण त्याच्या टोकाशी एकवटतो. त्यातून हवेतल्या ओलाव्यामुळे असा ओरखडा ताणाखाली अतिशय हळू वाढत राहतो, म्हणून एखादी बाटली भरल्यावर तीन आठवड्यांनी, मध्यरात्री, कोणी हात न लावता फुटू शकते. पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या बाटल्यांच्या खांद्यावर आणि बुडाजवळ एकमेकींवर घासून पांढुरके कडे पडते. ते कडे जितके रुंद तितकी ती बाटली थकलेली आहे असे मानावे.

तापमानातला अचानक बदल हा काचेचा दुसरा शत्रू आहे. सुमारे ४० अंशांचा एकदम फरक नेहमीच्या बाटलीला धोक्याच्या उंबरठ्यावर नेतो, आणि गरम बाटली एकदम थंडात घालणे हे थंड बाटली गरमात ठेवण्यापेक्षा वाईट असते, कारण त्यात बाहेरची काच आकसून ताणली जाते. उन्हात तापलेल्या गाडीतून काढलेली बाटली थेट बर्फाच्या पाण्यात बुडवणे म्हणजे वाढलेला दाब आणि आकसलेली काच यांची गाठ घालून देणे होय. आधी अर्धा-पाऊण तास सावलीत ठेवावी, मग गार करावी.

कॅनचा शत्रू ओलावा आहे. एखादा कॅन गळला की आंबट बिअर शेजारच्या कॅनांवर पसरते, पुठ्ठा ओला राहतो, आणि झाकणावरची खाच, जी मुद्दामच पातळ ठेवलेली असते, क्षारयुक्त ओलाव्याने कुरतडली जाऊन एक दिवस आपोआप सुटते. म्हणून पेटीतला एक कॅन गळलेला आढळला तर सगळे बाहेर काढून साध्या पाण्याने धुवावेत, कोरडे पुसावेत आणि कोरड्या खोक्यात ठेवावेत.

साठवण: क्रमाने काय करावे

प्रथम, घरी आणताना पाहणी करावी. खांद्यावर टवके असलेली, झाकणाजवळ चिकट ओघळ सुकलेली किंवा शेजारणीपेक्षा जास्त भरलेली बाटली घेऊ नये. कॅनचे बूड आत वळलेले आणि झाकण सपाट असावे. बारीक पोचा चालतो, परंतु शिवणीवर किंवा झाकणाच्या खाचेजवळ पडलेला धारदार पोचा चालत नाही. लेबलवर गाळयुक्त, अपाश्चरीकृत किंवा बाटलीत आंबवलेली असे काही लिहिले असेल तर त्या बाटल्या बाजूला काढाव्यात, कारण फ्रीजमध्ये जागा कमी असेल तर पहिला हक्क त्यांचा असतो.

मग जागा निवडावी. सर्व बिअरसाठी फ्रीजचा ४ ते ८ अंशांचा कप्पा उत्तम. तेवढी जागा नसेल तर १० ते १५ अंशांची, अंधारी, तापमान फारसे न बदलणारी जागा पाश्चरीकृत बिअरला पुरते. अशी जागाही नसेल तर निदान घरातली सर्वांत थंड भिंत शोधावी, आणि एका वेळी लागेल तितकीच बिअर आणावी. फ्रीजच्या मागची गरम जाळी, शेगडीशेजारचे कपाट, पाणी तापवण्याच्या यंत्राची वरची फळी, गच्चीखालचा पोटमाळा आणि उन्हाची खिडकी या पाच जागा कायमच्या बाद कराव्यात. खिडकी आणखी एका कारणाने वाईट: हिरव्या आणि रंगहीन काचेतून आलेला प्रकाश हॉप्समधल्या घटकांना बिघडवून काही तासांत बिअरला उग्र दर्प आणतो, तपकिरी काच त्याला बरीचशी अडवते.

फ्रीजच्या आतही जागेजागेत फरक असतो. मागच्या भिंतीला चिकटलेली किंवा थंड हवेच्या झरोक्यासमोर ठेवलेली बाटली फ्रीज नीट लावलेला असतानाही गोठू शकते, विशेषतः रात्री दार बंद राहिल्यावर. दोन बोटे अंतर सोडावे, आणि साधा तापमापक पाण्याच्या पेल्यात ठेवून रात्रभराने एकदा आकडा पाहावा. फ्रीजच्या चकतीवरचे १ ते ५ हे आकडे अंश नसतात, हे अनेकांना फ्रीझरइतकेच महागात पडले आहे.

ठेवण्याची पद्धत साधी आहे. बाटल्या उभ्या ठेवाव्यात, जेणेकरून गाळ तळाशी राहतो आणि झाकणाच्या आतल्या वेष्टनाला बिअर सतत लागत नाही. काचेला काच भिडू देऊ नये. पुठ्ठ्याचे कप्पे असलेले खोके ठेवून द्यावे, फेकू नये. डोक्याच्या उंचीवर बाटल्या कधीही ठेवू नयेत. जिवंत बिअर ठेवायची असेल तर ती झाकण असलेल्या जाड प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवावी, म्हणजे एखादी फुटलीच तरी तुकडे आतच राहतात.

प्रवासात बिअर प्रवाशांच्या जागेत किंवा डिकीत तासन्‌तास ठेवू नये. उष्णतारोधक पेटीत बर्फासह ठेवावी आणि मुक्कामी पोहोचताच प्रथम तीच उतरवावी. विमानाच्या सामानात बाटली फुटते ती हवेच्या विरळपणामुळे, असे सांगतात. प्रत्यक्षात सामानाच्या कप्प्यातही हवेचा दाब राखलेला असतो आणि आत-बाहेरचा फरक पाव बारने वाढतो, जो उन्हाळ्यातल्या चार अंशांइतकाही नसतो. तिथे बाटली फुटते ती आपटल्यामुळे, म्हणून कपड्यांची जाड घडी हाच तिचा खरा बचाव आहे.

लवकर गार करायची असेल तर

फ्रीझर वापरायचाच असेल तर घड्याळाचा गजर लावावा आणि तीस मिनिटांच्या पुढे जाऊ नये. त्याहून चांगला मार्ग म्हणजे बादलीत बर्फ आणि पाणी समसमान घेऊन त्यात बाटली मानेपर्यंत बुडवणे. नुसता बर्फ बाटलीला ठिकठिकाणीच टेकतो, पाणी सगळीकडून भिडते, आणि साध्या बर्फाच्या पाण्याचे तापमान शून्य अंशांच्या खाली जात नसल्याने बिअर त्यात कितीही वेळ विसरली तरी गोठत नाही. मूठभर मीठ टाकले तर गार होणे आणखी झपाट्याने होते, पण मग पाणी शून्याच्या बरेच खाली जाऊ शकते आणि विसरण्याची सवलत संपते.

घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी

घरगुती बाटल्या फुटतात त्या बहुतेक उतावीळपणाने. बाटलीत भरण्यापूर्वी घनतामापकाचे (बिअरमध्ये किती साखर उरली याचा अंदाज देणाऱ्या उपकरणाचे) वाचन सलग तीन दिवस तेच यायला हवे. बुडबुडे थांबले हा पुरावा नाही. वायूसाठी घालायची साखर चमच्याने न मोजता तोलून घ्यावी. २० अंशांवर आंबलेल्या बिअरमध्ये थोडा वायू आधीच असतो, त्यामुळे नेहमीच्या फसफशीसाठी लिटरला सुमारे ६ ग्रॅम साखर, म्हणजे २० लिटरला १२० ग्रॅम, पुरते. ती पाण्यात उकळून संपूर्ण बिअरमध्ये सारखी मिसळावी, कारण प्रत्येक बाटलीत वेगळी साखर टाकण्याच्या नादात एखादीत दोनदा पडते. रस, सरबत किंवा साध्या वाइनच्या बाटल्या, आणि कोणतीही चौकोनी बाटली, दाबासाठी बनवलेली नसते. दर खेपेला एक बाटली फसफसणाऱ्या पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरावी. ती दाबून पाहिली की बाकीच्यांची अवस्था बोटांना कळते. ती दगडासारखी कडक झाली की सगळ्या बाटल्या लगेच थंडात हलवाव्यात.

मोठ्या काचेच्या सुरईत दुकानातून भरून आणलेल्या बिअरलाही हेच लागू आहे. तिच्यात थोडी जागा मोकळी ठेवावी, ती घट्ट बंद करून उबदार खोलीत ठेवू नये आणि आंबत असलेले पेय तिच्यात कधीही भरू नये. केगची, म्हणजे बिअरच्या मोठ्या पिंपाची, गोष्ट निराळी, कारण त्यामागे वायूची टाकी असते आणि द्रवरूप कार्बन डायऑक्साइडच्या टाकीत २० अंशांवर ५७ बारच्या आसपास दाब असतो. दाबनियंत्रक आणि सुटकेची झडप यांच्याशिवाय टाकी केगला जोडू नये. २०१२ साली अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका ब्रुअरीत दाबाच्या हवेने साफ करत असताना प्लास्टिकचा केग फुटून एक कामगार दगावला; रिकामा केगसुद्धा दाबाचे भांडेच असतो.

फुगलेला कॅन किंवा संशयित बाटली समोर आली तर

घाईने उचलू नये. जाड चामड्याचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोळे बाजूंनीही झाकणारा चष्मा घालावा, शक्य असल्यास तोंडासमोर पारदर्शक ढाल असावी. मुलांना आणि पाळीव जनावरांना दुसऱ्या खोलीत पाठवावे. बाटल्यांवर जाड घोंगडी किंवा ओला टॉवेल टाकून त्या एकेक करून, एकमेकींना न भिडवता, झाकणाच्या क्रेटमध्ये ठेवाव्यात. मग क्रेट जमेल तितक्या थंड जागी, पण गोठणार नाही अशा बेताने, पूर्ण दिवसभर ठेवावा. दाब उतरल्यावर प्रत्येक बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंड आपल्यापासून दूर धरून, झाकण किंचित उचलून वायू सुटू द्यावा आणि बिअर मोरीत ओतावी. कॅन जाड पारदर्शक पिशवीत धरून पिशवीच्या आतच उघडावा. बाटली टिचलेली दिसली तर तिच्या झाकणाला हातही लावू नये, क्रेटसकट थंडच ठेवून जाड खोक्यात बंद करून काच म्हणून टाकावी.

फुटून झाल्यावर साफसफाई करताना आधी मोठे तुकडे मोजे घालून उचलावेत, मग ओल्या कागदाने जमीन टिपत यावे. बारीक कण चार-पाच मीटर दूरही सापडतात. जवळच्या उघड्या अन्नाचा मोह सोडावा. डोळ्यात कण गेल्यास चोळू नये, रुतलेला तुकडा काढू नये, डोळ्यावर दाब न देता तो वाटीसारख्या कशाने तरी झाकून थेट रुग्णालयात जावे. विकत आणलेल्या पेटीतली बाटली फुटली असेल तर उरलेल्यांना स्फोटाचा धक्का बसलेला असतो आणि बहुधा त्या एकाच घाण्यातल्या (बॅचमधल्या) असतात. त्यांच्यावरचा घाण्याचा क्रमांक आणि तारीख टिपून, छायाचित्र काढून विक्रेत्याला व उत्पादकाला कळवावे, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत त्या पेटीतली एकही बाटली पुन्हा फळीवर ठेवू नये.